साचाखात्याचे कान

विणकामाच्या कारखान्यात तिनं पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा तिला वाटलं, दार उघडताना आपल्या हातून काहीतरी पडलं. मग कळलं, हा आवाज रोजचाच. तो कानांनी ऐकावा लागतच नव्हता. तळपायांतून वर चढायचा, दातांत येऊन बसायचा, आणि छातीत कुणी पत्र्याचा डबा बडवतंय असं वाटायचं. यंत्रांच्या रांगांमधून माणसं मात्र बागेत फिरावं तशी फिरत होती.

सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणाचं तिचं शेवटचं वर्ष होतं, आणि इंटर्नशिपसाठी ती आरोग्य कार्यालयात रुजू झाली होती. काम अगदी नेमकं होतं. साचाखात्यातल्या, म्हणजे जिथे कापड विणायचे साचे चालतात त्या खात्यातल्या, माणसांचे कान तपासायचे आणि आवाजानं त्यांचं काही बिघडलंय का ते सांगायचं. बिघडलं असेल तर कारखान्यानं सगळ्यांना कानांवर घालायची जाड टोपणं द्यायची, असं कार्यालयाचं आणि कारखान्याचं बोलणं झालं होतं. बिघडलं नसेल तर प्रश्नच मिटला.

राहायला ती मोठ्या बहिणीकडे होती. तपासणीचं यंत्र कसं चालतं ते तिनं पहिल्याच संध्याकाळी जेवताना रंगवून सांगितलं.

"चिमणे, ते यंत्र एकदा घरी घेऊन ये," ताई म्हणाली. "तुझ्या भावोजींवर लाव. कचरा बाहेर ठेवा म्हटलं की त्यांना काडीचं ऐकू येत नाही."

"जेवायला वाढलंस का?" आतून भावोजींचा आवाज आला.

"बघितलंस? हे बरं ऐकू येतं!"

तपासणी कारखान्याच्या प्रथमोपचाराच्या खोलीत चालायची. खोली साचाखात्यापासून लांब होती, बऱ्यापैकी शांत. प्लग एकाच भिंतीला, म्हणून टेबल त्या भिंतीशी लावलं. टेबलामागे ती, समोर खुर्ची. येणारा माणूस खुर्चीत बसायचा, हेडफोन चढवायचा. तिनं बटण दाबलं की हेडफोनमध्ये बारीक सूर वाजायचा, आणि तो ऐकू आला की माणसानं हात वर करायचा. मग तोच सूर आणखी हळू, त्याहून हळू, हात वर येईनासा होईपर्यंत. तो संपला की त्याच्या वरचा सूर.

साचाखात्यातले हात भराभर वर यायचे. सूर कितीही बारीक करा, हात हजर. सगळ्यांत तयार होते मामा. ते खात्यातले सर्वांत जुने विणकर, दाराजवळच्या चार साच्यांवर असायचे, आणि सगळं खातं त्यांना मामाच म्हणायचं. त्यांचे केस वयानं पांढरे होते की सुताच्या तंतूंनी, हे सांगणं कठीण होतं.

"काय कानवाल्या ताई, पास का नापास?" हेडफोन उतरवत त्यांनी विचारलं.

"मामा, तुम्ही तर माझ्यापेक्षा चांगलं ऐकता!"

"मग! साच्यांनी कान घासूनपुसून लख्ख केलेत आमचे."

दारात उभी असलेली पुढची माणसं हसली, तीही हसली. काम सुरळीत चाललं होतं, माणसं रागावत नव्हती, उलट थट्टा करत होती. अबोल स्वभावामुळे लोकांत आपलं कसं निभेल ही धास्ती तिनं घरून सोबत आणली होती. ती हळूहळू विरत चालली.

तुलनेसाठी तिनं हिशेब खात्यातल्या कारकुनांचेही कान तपासले, आणि सगळे आलेख नीट लावून कार्यालयातल्या डॉक्टरबाईंपुढे ठेवले. इंटर्नशिप त्यांच्याच हाताखाली होती. सगळे त्यांना मॅडम म्हणत. विचार करताना पेन्सिलींना टोकं काढत बसायची त्यांना सवय होती. त्या दिवशी दोन पेन्सिली टोकदार झाल्या तरी त्या काही बोलेनात.

"साचाखात्यातल्या माणसांचे कान कारकुनांपेक्षा चांगले?" शेवटी त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम. मलाही आश्चर्य वाटलं."

"मग असं लिहू या का, की तो खडखडाट कानांना मानवतो? लहान मुलांना सकाळ-संध्याकाळ द्यावा?"

तिनं आलेख पुन्हा एकदा आपल्याकडे ओढले.

"यंत्र इथे लाव. तिथे बसायचीस तशीच बस. माझे कान तपास."

तिनं टेबल सरकवलं, कागद लावला, यंत्र सुरू केलं. मॅडम हेडफोन घालून समोर बसल्या. तिनं बटण दाबलं. मॅडमचा हात वर. सूर हळू केला, हात वर. अगदी तळाला नेला. तरी हात वर. मॅडमचं वय आणि आलेख यांचा मेळ कसा घालायचा ते तिला कळेना. ती पुन्हा बटण दाबणार, तोच मॅडमनी मांडीवरून हेडफोनच्या वायरीचं टोक उचलून तिच्यासमोर धरलं.

"मॅडम, वायर निघालीय!"

"निघाली नाही, मी काढली. तू कागद लावत होतीस तेव्हा."

"मग तुम्हाला ऐकू कसं आलं?"

"छे, काहीच आलं नाही. बटण दाबायच्या आधी तू खालचा ओठ दातांत धरतेस. दाबलं की भुवया वर जातात. मग माझ्या हाताकडे बघतेस, वाट पाहत. माझ्यासारखीला एवढं दिसतं. त्या खडखडाटात दिवसभर एकमेकांचे ओठ वाचून बोलणाऱ्यांना काय काय दिसत असेल!"

तिचे कान तापले. साचाखात्यात एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या माणसाशी काहीतरी बोलतो आणि दोघं हसतात, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या आवाजात ते एकमेकांना ऐकतात तरी कसे, हे मात्र मनात आलं नव्हतं. तपासणाऱ्याचा चेहरा आणि हात समोरच्याला दिसता कामा नयेत, हे वाक्य पुस्तकात होतं. तिनं त्याखाली रेघ मारली होती. परीक्षेत ते लिहून गुणही मिळवले होते. आणि मग भिंतीला एकच प्लग दिसल्यावर बिनदिक्कत खुर्ची समोर मांडली होती.

"रडायचं असेल तर बाहेर बाक आहे," मॅडम म्हणाल्या. "नसेल तर कपाटातून लांब वायरीचा बोर्ड घे आणि उद्या खुर्ची उलटी मांड. पहिल्या दिवशी मी तुझ्याबरोबर यायला हवं होतं. ते मी केलं नाही. तेवढं माझ्याकडे."

पुढे कितीतरी वर्षं, हाताखालच्या माणसांकडून काही चुकलं की तिला हे शेवटचं वाक्य आठवे. सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडणं मॅडमना सहज शक्य होतं. त्यांनी आपला वाटा मोजून बाजूला काढला, आणि तिच्यापुरतं तिच्याकडे ठेवलं. त्यामुळे ते उचलता आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं खुर्ची पाठमोरी मांडली, आणि कुणीच आलं नाही. एकाचं सूत तुटलं होतं, एकाला साहेबांनी बोलावलं होतं, एक तर "परवा तपासले ना, तेच आहेत अजून, बदलले नाहीत," असं म्हणून निघून गेला. काल थट्टा करणारी माणसं आज तिला पाहून साच्यात डोकं घालू लागली. तिनं दोन दिवस वाट पाहिली. मग सुट्टीच्या वेळी ती मामांना शोधत गेली.

मामा मागच्या पायऱ्यांवर चहा घेत बसले होते. ती त्यांच्याशेजारी बसली. तसे ते उठले आणि दोन पायऱ्या उतरून तिच्याकडे तोंड करून बसले. एरवी तिला ही त्यांची अदब वाटली असती. आज तिनं ते नीट पाहिलं.

"मामा, त्या दिवशी तुम्हाला खरं किती ऐकू आलं?"

मामांनी चहाचा घोट घेतला. "पोरी, तुझ्या भुवया फार बोलक्या आहेत."

"मग सांगितलं का नाही?"

"तू केवढी खूश होतीस! कशाला हिरमोड करायचा?" ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "आणि सांगितलं की साचे जातात. ज्याला भोंगा ऐकू येत नाही त्याला साच्यावर ठेवणार नाही, असं साहेब म्हणतात. आग लागली तर जबाबदार कोण, म्हणतात. त्यांचंही चूक नाही. पण मग आम्ही जायचं कुठे? गोदामात, गाठोडी बांधायला. वाईट काम नाही ते. पण मी विणकर आहे. सूत कुठे तुटणार ते तुटायच्या आधी मला दिसतं. गाठोड्यात काय दिसणार?"

"आणि बाकीचे?"

"बाकीचे माझ्याकडे बघतात. मी बसलो तर बसतील. तू खुर्ची फिरवलीस तेव्हाच सगळ्यांना कळलं, की आता पोरीला उमगलं."

तिच्या पिशवीत कानांच्या निगेचं माहितीपत्रक होतं, छान चित्रांचं. तिनं ते बाहेर काढलं नाही.

"खरं कळून मला काय मिळणार?" मामांनी विचारलं. "गेलेले कान परत देशील?"

"नाही, मामा. गेलेलं परत येत नाही. तुम्हाला काहीच मिळणार नाही."

मामांनी तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. इतकं साफ उत्तर त्यांना अपेक्षित नसावं.

"मग कुणाला मिळणार?"

"ज्यांचे कान अजून शाबूत आहेत त्यांना. आत्ताच्या कागदांवर सगळ्यांचे कान चांगले आहेत. ते तसेच वर गेले तर टोपणं येणार नाहीत, आणि ते माझ्यामुळे होईल."

आत कुणीतरी साचा तपासायला सुरू केला आणि बंद केला.

"माझी धाकटी गेल्या महिन्यापासून खात्यात आलीय," ते म्हणाले. "मीच शिकवतोय. हात चांगला आहे तिचा. परवा म्हणाली, बाबा, घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत राहते. मी म्हटलं, वाजू दे, सवय होईल." त्यांनी कप पायरीवर ठेवला. "माझ्या बापानं मला हेच सांगितलं होतं."

मग त्यांनी तिच्या ओठांवर नजर रोखली.

"माझं नाव वर जाणार नाही, असा शब्द देशील?"

'हो' ओठांवर आलं होतं. ते तिनं मागे घेतलं, कारण तिला ठाऊकच नव्हतं. "विचारून सांगते," ती म्हणाली.

"बघ, विचारून सांग. इथे 'हो' म्हणणारे पुष्कळ येऊन गेले."

ती तडक कार्यालयात आली. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "ज्याचे कान, त्याचा कागद. तो त्याच्या हातात द्यायचा. कारखान्याला फक्त खात्याची गोळाबेरीज जाते, कुणाचंही नाव जात नाही. नियमच आहे तो. तू वाचून दाखवला होतास ना त्यांना, पहिल्या दिवशी?"

"दाखवला होता."

"मग त्यांना माहीत कसं नाही?"

तिला तो दिवस आठवला. सगळं खातं गोळा झालं होतं, साचे चालूच होते, आणि इतक्या माणसांसमोर बोलायचं याचं तिला दडपण आलं होतं. कागद तोंडासमोर धरून, मान खाली घालून, एका दमात तिनं सगळं वाचून टाकलं होतं. लोक शांतपणे उभे होते. तिला वाटलं होतं, किती लक्ष देऊन ऐकताहेत.

"कागद तोंडासमोर धरला होता मी," ती म्हणाली.

मॅडमनी कपाळाला हात लावला, आणि मग त्या खो-खो हसत सुटल्या. जरा वेळानं तिलाही हसू फुटलं. आपल्याच फजितीवर मोठ्यानं हसता येतं, हे त्या दिवशी तिला कळलं, आणि याबद्दलही ती मॅडमची ऋणी राहिली.

या वेळी ती साचाखात्यात गेली ती कागद न घेता. दाराशी एका खोक्यावर उभी राहिली, सगळ्यांकडे तोंड करून, आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. आवाज चढवला नाही. त्याचा उपयोगच नव्हता. तुमचा कागद तुमच्या हातात. नाव वर जाणार नाही. हा नियम आहे, आणि माझा शब्दही आहे. बोलताना प्रत्येक नजर तिच्या ओठांवर होती. इतक्या डोळ्यांनी आपल्याला एकदम ऐकलं, असं तिच्या बाबतीत पूर्वी कधी घडलं नव्हतं.

मामांची एकच अट होती. प्रथमोपचाराच्या खोलीच्या दाराला काच होती, जाणाऱ्या-येणाऱ्याला आतलं दिसायचं, म्हणून तिथे नको. त्यांनीच कापडाच्या गोदामातली जागा सुचवली. सकाळी, साचे सुरू व्हायच्या आधी, रात्रभर कानांना विश्रांती मिळालेली असताना. चारी बाजूंनी कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले, आणि त्यांनी बाहेरचा सगळा आवाज पिऊन टाकलेला. आत शिरल्यावर स्वतःचा श्वास ऐकू यायचा. निदान तिला तरी.

तिनं खुर्ची पाठमोरी मांडली. मामा खुर्चीपाशी थांबले. आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग हातातल्या हेडफोनकडे. ज्या माणसाचा सगळा कारभार डोळ्यांवर चालतो, त्यानं भिंतीकडे तोंड करून बसायचं म्हणजे काय, हे तिला त्या क्षणी समजलं. एखाद्याला डोळ्यांवर पट्टी बांधून जिन्यावर उभं करण्यासारखंच होतं ते. मामा बसले. हेडफोन चढवला. हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान ताठ केली. मानेवर कॉलरच्या वर सुताचा एक तंतू चिकटला होता.

खालचे, जाडे सूर त्यांना ऐकू आले. जरा मोठे करावे लागले, पण हात वर आला. मग ती वरच्या सुरांकडे गेली. बटण दाबलं. हात गुडघ्यावरच. मोठा केला. आणखी मोठा. यंत्रावरचा बारीक दिवा लागत होता, विझत होता, आणि समोर ती पाठ तशीच, वाट पाहणारी.

"सुरू केलंस का गं?" मामांनी विचारलं.

"केलंय, मामा," ती म्हणाली.

ते तसेच बसून राहिले. आपलं उत्तर त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही, हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग ती उठली, खुर्चीला वळसा घालून त्यांच्यासमोर गेली आणि मान हलवली. मामांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आज तिनं भुवया आवरल्या होत्या, पण ज्यांना वाचायची सवय त्यांना तेवढंही पुरतं.

"बरंच गेलंय ना?" त्यांनी विचारलं.

"बरंच."

"कर पुरं. अर्धं नको ठेवूस." आणि ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले.

तिनं तपासणी पुरी केली. कागदावर रेघ आधी सपाट चालली होती आणि मग दरीत उतरावी तशी खाली गेली होती. तिनं खुर्ची फिरवली, समोर बसली आणि एकेक करून सांगितलं. काय उरलंय, काय गेलंय. फोनची घंटी. पाखरं. लहान मुलाचा बारीक आवाज. बोलण्यातला 'स', 'श'. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही.

मामा रेघेवर बोट ठेवून ऐकत होते. "म्हणजे मी मुद्दाम नाही करत?"

"काय मुद्दाम?"

"बायको म्हणते, याला हवं तेवढंच ऐकू येतं. घुम्या म्हणते मला. रात्री दिवा घालवून बोलते ती, सगळी महत्त्वाची बोलणी दिवा घालवून! मी नुसता हुंकार देतो. एकदा हुंकार दिला, तर थोरल्या जावयाला सगळा उन्हाळा राहायला बोलावून बसलो होतो." ते हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "मलाही वाटायला लागलं होतं, आपलं मनच उडालंय की काय घरातून. लिहून दे हे. शिक्का मारून दे."

"कागद तुमचाच आहे, मामा. शिक्काही आहे."

काहीच मिळणार नाही, असं ती म्हणाली होती. तेही तिचं चुकलंच होतं. पण ही चूक तिला मनापासून आवडली.

त्या सकाळनंतर गोदामाबाहेर माणसं उभी राहू लागली. कागद एकामागून एक तयार झाले, आणि बहुतेकांवर तीच दरी, कुणाची खोल, कुणाची उथळ. मामांची धाकटी आली, वेणी खांद्यावर ओढून पाठमोरी बसली. तिच्या रेघेला वरच्या सुरापाशी फक्त एक लहानसा खळगा होता. "हा आत्ताच थांबवता येईल," तिनं धाकटीला सांगितलं, आणि हे वाक्य बोलायला मिळतंय म्हणून मनातल्या मनात कितीतरी जणांचे आभार मानले.

मॅनेजरसाहेबांच्या खोलीत बैठक झाली. मॅडमनी तिला आधीच बजावलं होतं, "बोलणार तू. मी चहा पिणार."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी गोळाबेरीज नीट वाचली, दोनदा वाचली. "पहिल्यांदा चांगले निघाले होते म्हणता, आणि आता असे?"

"पहिल्यांदा माझी चूक झाली होती," ती म्हणाली, आणि ओठ, भुवया, समोरची खुर्ची, सगळं सांगून टाकलं. स्वतःच्या तोंडानं, साहेबांसमोर. मॅडम चहात बिस्कीट बुडवत राहिल्या.

"कमाल आहे," साहेब म्हणाले. "बरं, टोपणांचं बघू. पण मला नावं लागतील. ज्यांचं जास्त गेलंय त्यांची तरी. दाराजवळच्या साच्यांवर मामा आहेत ना, त्यांचं काय निघालं?"

अबोल मुलीला कुणी थेट प्रश्न विचारला की उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. नेमकं उत्तर तिच्याजवळ होतं, आकड्यासकट. साहेब वाट पाहत होते. दाराजवळचे चार साचे आता तिच्या तोंडावर अवलंबून होते. तिनं मॅडमकडे पाहिलं नाही.

"साहेब, खात्याचं काहीही विचारा, सांगते. माणसाचं नाव नाही सांगता येणार."

"अहो, मी काय त्याला फासावर देणार आहे? उद्या आग लागली, भोंगा झाला आणि त्याला ऐकू आला नाही तर?"

"तुमची काळजी खरी आहे. म्हणून भोंग्याला दिवा जोडा. लाल, मोठा, सगळ्या रांगांतून दिसेल असा. त्यांच्या डोळ्यांची परीक्षा मी घेतलीय साहेब, नकळत का होईना. दिवा लागायच्या आत ते बाहेर असतील."

साहेबांच्या ओठांचा कोपरा हलला. "आणि मी नावांशिवाय काही करणार नाही म्हटलं तर?"

"मी आज नावं दिली, तर पुढच्या वर्षी तपासायला येईल त्याला सगळ्यांचे कान पुन्हा ठणठणीत मिळतील. खुर्ची कशीही मांडा, ते काहीतरी शोधून काढतील. तुमच्याकडे चांगले कागद येतील, आणि खातं बहिरं होत राहील. हे आकडे खरे आहेत, कारण नाव जाणार नाही असं मी त्यांना सांगितलं. ते मोडलं तर हे आकडेही गेले."

इतकी मोठी वाक्यं ती सलग कधी बोलली नव्हती. साहेबांनी गोळाबेरजेचा कागद उचलून पुन्हा टेबलावर ठेवला.

"डॉक्टर," साहेब मॅडमकडे वळले, "ही मुलगी तुमच्याकडे आली तेव्हापासून अशीच आहे?"

"नाही हो," मॅडम म्हणाल्या. "आली तेव्हा ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायची."

साहेब हसले. टोपणं मान्य झाली, दिवाही. आणि कानांवरून कुणालाही साच्यावरून हलवणार नाही, एवढं त्यांनी मॅडमच्या सांगण्यावरून आपल्या हातानं लिहून दिलं.

ती साचाखात्याचं दार ढकलून आत आली, तेव्हा दुपारची पाळी भरात होती. आवाज तळपायांतून वर चढला. मामा दाराजवळच्या साच्यावर वाकले होते. त्यांनी मान वर केली. ती त्यांच्याकडे सरळ तोंड करून उभी राहिली आणि, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली: साचे तुमचेच. नाव गेलं नाही. टोपणं येणार.

मामांनी एकदाच मान हलवली. तिला आणखीही बोलायचं होतं. तुम्ही पाठ करून बसलात, म्हणून आज मला तिथे तोंड उघडता आलं, असं काहीतरी. पण एका साच्यावर सूत तुटलं आणि मामा तिकडे वळले. वळता वळता त्यांनी पलीकडच्या रांगेतल्या विणकराकडे पाहून ओठ हलवले. तो हसला, आणि त्यानं पुढच्याकडे पाहिलं.

ती रांगेतून चालू लागली, प्रत्येकाला थांबून सांगावं म्हणून. पण ज्याच्यापाशी पोहोचावं त्याला आधीच ठाऊक असायचं. कुणी हात वर करायचं, कुणी छातीशी हात न्यायचं, एकीनं तर तिचा गालच ओढला. बातमी तिच्या पुढे पुढे धावत होती, त्या सगळ्या गदारोळात, चकार शब्द न करता. ती दुसऱ्या टोकाच्या दाराशी आली तेव्हा तिथे मामांची धाकटी तिच्यासाठी चहाचा कप घेऊन उभी होती, आणि सुताचे तंतू पडू नयेत म्हणून त्यावर धरलेल्या बशीखाली चहा अजून वाफाळत होता.